चला मेणवलीला, सायकलवर!

काय दोस्तांनो, सायकलला हवा भरली का? आज जायचंय सातारा जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या वाईला. वाईतून बहुतेक गाड्या पसरणीचा घाट चढून पाचगणीकडे पळतात. पळू देत! त्या रस्त्याला सायकल नेऊच नका.

आपली वाट मेणवलीची. ढोल्या गणपतीला नमस्कार करून सकाळी लवकर निघा. अंतर जेमतेम तीन किलोमीटर. इतकं शांत, की आपल्याच चेनची करकर ऐकू येते. (येत असेल तर तेल घाला!) मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा, मागे नदीचा घाट, आणि तिथं टांगलेली ही मोठ्ठी घंटा. ती मूळची पोर्तुगिजांच्या चर्चमधली! १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा मराठ्यांच्या हाती आलेली.

पायांत दम असेल तर पुढे धोम गाठा. तिथल्या देवळात कुंडातल्या कासवाच्या पाठीवर नंदी बसलाय.

आई-बाबा, 'नको, गाड्या असतात' हे तुमचं उत्तर मुलांना पाठ झालंय. या रस्त्यावर एकदा तुम्हीही मागोमाग सायकल चालवून बघा. मात्र ऊन चढायच्या आत परत फिरा, नंतर इथंही गाड्या येतात.