हायकोर्ट, ओव्हल आणि चहाची वेळ



शाळांना सुट्ट्या लागल्या की आपली मुले मामाच्या गावाला जातात, नाहीतर फळीची बॅट घेऊन दिवसभर गल्लीत उन्हात असतात. मुंबई आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे, पण ती ६ डिसेंबरची. दादरला उतरायचे, चैत्यभूमीच्या रांगेत उभे राहायचे, शिवाजी पार्कवर पुस्तके घ्यायची आणि मिळेल त्या गाडीने परत. ते झालेच पाहिजे. परंतु त्या गर्दीत लेकरांना बाकी मुंबई दाखवणे होत नाही. म्हणून या खेपेला सुट्टीतल्या एका दिवसाविषयी लिहितो. त्यात एक जुनी सरकारी इमारत आहे आणि क्रिकेटही आहे, म्हणजे मुले कुरकुर करणार नाहीत.

रात्री परभणीला देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसले की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येते. पुढे सगळे पायी. दिवस शक्यतो रविवारचा धरावा. स्टेशनपासून जवळच आझाद मैदान आहे. आपल्याला ते मोर्चामुळे ठाऊक. मुलांना मात्र सांगावे की, फेब्रुवारी १९८८ मध्ये तेंडुलकर आणि कांबळी या दोन शाळकरी पोरांनी येथेच ६६४ धावांची भागीदारी केली होती. मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना आहे. तेथे बाहेरून का होईना, थोडे थांबावे.

हा जिमखाना त्या काळी फक्त गोऱ्यांचा. १९०६ साली याच मैदानावर हिंदूंच्या संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू पालवणकर आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम होते. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पुण्यातल्या साहेबांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदान राखीत, सरावाला साहेबांना गोलंदाजी करीत. डावखुऱ्या हाताची फिरकी अशी की, पुण्याच्या हिंदू संघालाही त्यांना घ्यावे लागले. मैदानावर चेंडू सगळ्यांनी हाताळायचा. चहाची वेळ झाली की बाळूंचा चहा बाहेर, मातीच्या फेकून द्यायच्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधार त्यांना केले नाही. तो मान १९२३ साली त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना मिळाला.

पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि सुमारे दोन हजार मतांनी पडले. हेही मुलांपासून लपवू नये. त्यांचे राजकारण आपले नव्हते, म्हणून त्यांचे बळी कमी होत नाहीत.

तेथून हुतात्मा चौकावरून हायकोर्टाकडे जावे. इमारत पूर्ण पाहायची तर वळसा घालून ओव्हल मैदानावरच यायला हवे. ५६२ फूट लांब, काळ्या दगडाची, माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे. कर्नल फुलर यांच्या आराखड्यावरून १८७१ ते १८७८ या काळात ती उभी राहिली. मी हिशेबाच्या टेबलावरचा माणूस, म्हणून एक आकडा मला फार आवडतो. अंदाजपत्रक होते १६,४७,१९६ रुपयांचे आणि खर्च झाला १६,४४,५२८. म्हणजे २,६६८ रुपये शिल्लक! आजच्या कोणत्याही सरकारी बांधकामाची फाईल उघडून बघा, म्हणजे या शिल्लकीचे मोल कळेल.

बाबासाहेबांनी १९२३ साली येथे वकिली सुरू केली, तेव्हा सनदेच्या पैशासाठी त्यांचे पारशी मित्र नवल भथेना धावून आले. सॉलिसिटर मंडळी अस्पृश्य बॅरिस्टरला कामे देईनात. मग पोटासाठी त्यांनी १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. आपल्या घरी कॉमर्सला जाणारे मूल असेल तर त्याला हे आवर्जून सांगावे.

आणि महाडचे चवदार तळे. आपण २० मार्च १९२७ दरवर्षी साजरा करतो. पण त्यानंतर काय झाले हे किती घरांत माहीत आहे? डिसेंबर १९२७ मध्ये विरोधकांनी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला. मग खालचे कोर्ट, ठाण्याचे अपील, असे करत प्रकरण या इमारतीत आले. १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना रोखण्याची अनादि काळापासूनची वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, असे न्यायमूर्तींनी ठरवले. माणुसकीचा मोठा सिद्धांत मांडला नाही, वहिवाटीच्या मुद्द्यावर निकाल दिला. तरीही ओंजळभर पाण्याचा हक्क कायद्याने कायम व्हायला दहा वर्षे लागली. निवडणूक आणि हा निकाल, दोन्ही एकाच वर्षातले.

मागच्या मे महिन्यात मी मुलीला घेऊन गेलो होतो. मे महिन्यात हायकोर्टाला उन्हाळी सुट्टी असते, त्यामुळे आत जाण्याचा प्रश्नच नव्हता. आम्ही ओव्हलच्या कडेला सतरंजी टाकली. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. समोर इतके सामने चाललेले की एकाच्या सीमारेषेवर दुसऱ्याची खेळपट्टी. मुलगी म्हणाली, "बाबा, आपलं हायकोर्ट तर संभाजीनगरला आहे ना?" खंडपीठ तेथे आहे, पण महाडचे पाणी येथे ठरले, असे मी सांगत होतो, तेवढ्यात चेंडू आमच्या डब्यापाशी आला. तिने उचलून असा फेकला की पोरांनी तिला क्षेत्ररक्षणाला बोलावून घेतले. अर्धा तास ती आली नाही. मध्ये त्यांचे पाणी पिणे झाले. एकच बाटली सगळ्यांत फिरली, तिच्याही हातात आली. कोणी कोणाला काही विचारले नाही.

आपल्या अमरावतीचे भूषण गवई २००३ साली याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश. हायकोर्टासाठी वांद्र्याला नवे संकुल उभारायचे ठरले आहे. तेव्हा जुन्या जागी कोर्ट आहे तोवर मुलांना घेऊन जा. सुट्टीत गाड्यांना वेटिंग लवकर लागते, तिकिटे आधी काढा. पाण्याच्या बाटल्या भरपूर ठेवा; ओव्हलवर सावली फक्त कडेच्या झाडांची आहे.

जयभीम!