पळस पाने गाळतो, आम्ही लागण वाढवतो



गेल्या उन्हाळ्यात देऊळगाव राजा गटात उसाच्या नोंदी घेत फिरताना एका बांधावर दम खायला बसलो होतो. आमचे चिटबॉय होते, चार-पाच सभासद होते. बोलता बोलता आम्ही सांगितले की, जंगलातली झाडे दुष्काळात आणि उन्हात कशी तगतात यावर हल्ली मुले पीएच.डी. करतात, पाच-पाच वर्षे पाने मोजतात. एक जुने सभासद म्हणाले, "साहेब, झाड तगतं ते तगतंच. त्यात शिकायचं काय? तुम्ही उसाचं सांगा." सगळे हसले. आम्हीही हसलो. पण आमच्या मते त्या अभ्यासात उसाचेच सांगितलेले आहे, आणि त्यात थोडे आमच्या खात्याचे कानही उपटले आहेत.

आम्ही पदवीधर शास्त्रज्ञ नव्हे, कृषी पदविका घेतलेले माणूस. तेव्हा जेवढे समजले तेवढेच सांगतो.

झाडाला पंप नसतो. पानातून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि तिच्या ओढीने मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याची सलग दोरी वर खेचली जाते. आयर्लंडच्या डिक्सन आणि जोली या दोघांनी ही गोष्ट 1894 सालीच मांडली. जमीन सुकली की ही दोरी ताणत जाते आणि एका हद्दीला तुटते. खोडातल्या बारीक नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की काय होते ते आपल्याला सांगायला नको. नळ्या अशा भराभर निकामी झाल्या की खाली ओल असूनही शेंडा वाळतो.

हे टाळायला झाड पानावरची बारीक तोंडे मिटून घेते. पण तोंडे मिटली की घाम थांबतो आणि पान तापते, भर उन्हात हवेपेक्षाही काही अंशांनी जास्त. उघडावे तर तहान, मिटावे तर भट्टी! पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतल्या, म्हणजे आयसरमधल्या संशोधकांनी कोरड्या हंगामाच्या प्रदेशातल्या 41 जातींच्या झाडांची पाने तापवून पाहिली. किती तापमानाला पानाची अन्न करण्याची यंत्रणा निम्मी बिघडते, हे त्यांनी मोजले. 2017 साली ते छापून आले. जात बदलेल तसा हा आकडा साधारण 45 ते 50 अंशांच्या दरम्यान निघाला. जाड, टिकाऊ पानाची, सावकाश वाढणारी झाडे जास्त सोसतात. भराभर वाढणारी, पातळ पानाची झाडे आधी हात टेकतात. ऊस त्या यादीत नव्हता, तो गवताच्या कुळातला. पण भराभर वाढणे हाच त्याचा धंदा आहे, हे आपण विसरू नये.

आता आपल्या घाटावरचा पळस पाहा. पाणी संपल्यावर तो पाने गाळत नाही, संपायच्या आधी गाळतो. फाल्गुनात अंगावर पान नसते तरी फुलतो, आणि पाऊस यायच्या आत नवी पालवी काढतो. सालई खोडात पाणी राखते आणि महिनोन् महिने उघडी बसते. अंजनाचे रोप वर वीतभर दिसते तेव्हा त्याचे मूळ खाली त्याच्या कितीतरी पट उतरलेले असते. प्रत्येकाचा हिशेब वेगळा, पण हिशेब आधी, खर्च मागून.

आणि आपला ऊस? बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांत. पाणी आहे तोवर पितो, ताण पडला की दुपारी पाने सुरळीसारखी गुंडाळून घेतो. त्याला पाने गाळून उन्हाळा काढता येत नाही. म्हणजे त्याच्या वतीने हिशेब करायचा तो माणसाने, आणि लागणीच्या आधी. जालन्याकडे 2012-13 च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या, ते आपल्यातल्या अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

इथे आम्हाला कबूल केले पाहिजे. गाळपाला ऊस कमी पडू नये म्हणून आम्हीही दारोदार फिरलो, "खडकपूर्णेचं धरण आहे, लावा की अजून एक एकर," असे म्हणालो. त्यातला काही ऊस पुढे चाऱ्याच्या भावाने गेला. नोंदवहीत आकडा मात्र छान दिसत होता.

आणखी एक गोष्ट. तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात 50 हेक्टरांवरची झाडे 1988 पासून एकेक करून मोजत आहेत. तिथे दिसले की मोठी झाडे दुष्काळाच्या वर्षीच मरतात असे नाही, दोन-तीन वर्षे मागे पडूनही मरतात. म्हणून बांधावरचा कडुनिंब-बाभूळ सुकल्यासारखा दिसला की कुऱ्हाड काढायची घाई करू नका, आणि "यंदा पाऊस झाला, सुटलो" असेही म्हणू नका.

ताण पडला की पालाश फवारा, पाचट जाळू नका, सरीत पसरा, हे आम्ही दरवर्षी सांगतोच. पानाची तोंडे उघडायला-मिटायला पालाश लागतो, आणि पाचटाने ओल टिकते. पण त्याने चार पाळ्यांचे पाणी सहा पाळ्यांचे होत नाही.

तेव्हा आमची सूचना अशी की, यापुढे नोंदीच्या अर्जात क्षेत्राआधी एक रकाना असावा : गेल्या वैशाखात विहिरीला किती हात पाणी होते. त्यावरून क्षेत्र ठरावे, खोडवा ठेवायचा की मोडायचा तेही ठरावे. यात आमच्या खात्याचा लागणीचा आकडा खाली येईल, हे ठाऊक आहे. पुढच्या गटसभेत ही सूचना आम्ही मांडणार आहोत. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर येऊन भांडावे. येताना विहीर मोजून यावे.