नटाची उमेदवारी

सुलोचनाबाई ४ जून २०२३ रोजीं निवर्तल्या, तेव्हां कोल्हापुरानें हळहळावें हें स्वाभाविकच होतें. परंतु अशा प्रसंगीं आपण एक वाक्य हटकून उच्चारतों: ‘प्रतिभा उपजतच होती, संधि मिळतांच ती चमकली.’ या वाक्याशींच माझें भांडण आहे. त्यानें नटाच्या आयुष्यांतील सर्वांत मोलाचीं वर्षें पुसून टाकलीं जातात.

बाईंचेंच उदाहरण पाहा. १९४३ च्या ‘चिमुकला संसार’ या मास्टर विनायकांच्या बोलपटांत त्यांना मिळालें तें एक किरकोळ काम. पुढें त्या भालजी पेंढारकरांच्या हाताखालीं आल्या. १९४६ चा ‘सासुरवास’, १९४९ चा ‘मीठभाकर’ असें करीत ‘वहिनींच्या बांगड्या’ आला तो १९५३ सालीं. म्हणजे पहिल्या दर्शनानंतर दहा वर्षांनीं! व्ही. शांताराम यांची कथा निराळी नाहीं. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत पडेल तें काम करीत त्यांनीं १९२१ च्या ‘सुरेखाहरणां’त कृष्ण व १९२५ च्या ‘सावकारी पाशां’त तरुण शेतकरी रंगविला. ही उमेदवारी होती; नशिबाचा खेळ नव्हे.

कोणी म्हणतील, आतां दूरचित्रवाणीनें संधि मुबलक केली आहे. मान्य. पण संधि म्हणजे शिक्षण नव्हे. मालिकेस चेहरा हवा असतो, तोही उद्यां सकाळीं. संवाद हातीं पडतो, पाठ होतो, चित्रित होतो. चूक सुधारण्यास ना वेळ, ना गुरु. मालिका संपली कीं कालचा नायक पुन्हां रांगेंत उभा!

जुना स्टुडिओ स्वर्ग होता असें मी म्हणत नाहीं. मासिक पगाराचा नट मालकाच्या मर्जीनें बांधलेला असे. आणि १९४८ सालीं गांधीहत्येनंतरच्या जाळपोळींत जयप्रभा स्टुडिओच पेटला, तेव्हां त्या आश्रयाची क्षणभंगुरताही उघड झाली. पण शिकतां शिकतां पोट भरण्याची सोय तेथें होती. ती सोय गेली, आणि तिच्या जागीं आपण कांहींच उभारलें नाहीं.

दोष केवळ धंद्याचा नाहीं. तुमच्या-आमच्या घरांचाही आहे. वैद्यकी शिकणाऱ्या मुलास आपण पांच-सहा वर्षें बिनतक्रार पोसतों. नट होऊं पाहणाऱ्या मुलीस मात्र वर्षाच्या आंत विचारतों, ‘झालें का कांहीं?’

कोल्हापुरांत चित्रनगरी आहे. तेथें दरसाल दहा तरुणांस तरी पगारी उमेदवार म्हणून घ्यावें, त्यांना वाणी, अश्वारोहण, प्रकाशयोजना, संकलन सारें शिकवावें, आणि लहान भूमिकांतून हळूहळू वर आणावें. याला लागणारा पैसा सत्कारसमारंभांच्या खर्चांतून वांचविला तरी पुष्कळ होईल. नट प्रसिद्ध झाल्यावर त्याला ‘आमचा’ म्हणण्यास धैर्य लागत नाहीं. तो अप्रसिद्ध असतांना त्याच्या जेवणाची काळजी कोण वाहतो, एवढाच खरा प्रश्न आहे.