जाऊबाईंची सुट्टी



आमच्या घरात उन्हाळ्याची सुट्टी मार्चमध्येच सुरू होते. 2024 च्या नोव्हेंबरपासून रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 दिवस मिळायचे. त्यामुळे ठरलेल्या सकाळी आठच्या आधीच हे मोबाइल हातात घेऊन बसतात आणि त्या पाच मिनिटांत घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही असा नियम आहे. नाशिकरोड ते आझमगड, गोदान एक्सप्रेस. प्रेमचंदांच्या कादंबरीचं नाव असलेली ही गाडी आमच्या मुलांना पाठ आहे. यंदा जाण्याची चार तिकिटं काढली. एप्रिलच्या सुरुवातीला परतीची काढली ती मात्र पाच. पाचवं अम्मांचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. त्यांना या खेपेला नाशिकला आणायचंच, असं आम्ही ठरवलं होतं. त्यांना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

मी नाशिकची. माहेर कोकणीपुऱ्यातलं, शाळा मराठी, आणि माझी दोन्ही मुलंही मराठी शाळेत जातात. ह्यांचं गाव उत्तर प्रदेशातलं मुबारकपूर, आझमगडपासून जवळच. तिथं घरोघरी रेशमी साड्या विणल्या जातात आणि त्या बनारसी म्हणून जगभर विकल्या जातात. हे विसाव्या वर्षी सातपूरच्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. अम्मांच्या नकाशात मात्र नाशिक नाही. "लडका मालेगाँव की तरफ रहता है," असं त्या शेजारणींना सांगतात. त्यांचं चुकतही नाही. 1857 नंतरच्या काळात आझमगड, मऊ, बनारस या भागांतले कितीतरी विणकर मालेगावात येऊन वसले. त्या बाजूच्या जुन्या माणसांना आपल्या जिल्ह्यातलं मालेगाव असं ओळखीचं असतं, जणू शेजारचा मोहल्ला.

अम्मांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, गुडघे दुखतात, रात्री दोनदा उठवून न्यावं लागतं. हे सगळं गेली अकरा वर्षं माझ्या मोठ्या जाऊबाई करतात. आम्ही दर महिन्याला पैसे पाठवतो. पैसे वेळेवर पोहोचले की आपला वाटा उचलला गेला, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

प्रवासाबद्दल फार सांगत नाही. भुसावळपर्यंत मुलं खिडकीत, इटारसीपर्यंत डबा संपलेला, जबलपूरनंतर सगळे झोपलेले. दुसऱ्या दिवशी जौनपूर, शाहगंज गेलं की ह्यांची भाषा बदलू लागते. डब्यातल्या माणसांशी असे काही बोलतात की धाकटा मला विचारतो, "अम्मी, अब्बू काय म्हणतायत?"

मुबारकपूरला पोहोचलो तेव्हा लू वाहत होती. जाऊबाईंनी कैरीचं पन्हं करून ठेवलं होतं. मी नाशिकहून बेदाणे आणि चिवडा नेला होता. चिवड्याला अम्मांनी "कुरकुरा भूसा" म्हटलं आणि वाटीभर संपवला. दिराच्या घरात जमिनीत खड्डा करून बसवलेला हातमाग आहे, तिथं त्याला करघा म्हणतात. पूर्वी दोन होते, आता एकच चालतो. दीर विणतात, जाऊबाई घरकाम सांभाळून नऱ्या भरतात. नरी म्हणजे धोट्यात बसणारी बाण्याच्या धाग्याची कांडी. येवल्याला पैठणी पाहिलेल्या बहिणींना हे लगेच समजेल.

पहिला आठवडा आम्ही पाहुणे होतो. जाऊबाई नऊ माणसांचा स्वयंपाक करत होत्या आणि मी पीठ मळायला गेले की "तुम बैठो, थकी हो" म्हणून परात ओढून घेत होत्या. त्यांच्या मुलाची शाळाही चालूच होती. आपल्याकडे मेच्या सुरुवातीला सुट्टी लागते, तिकडच्या प्राथमिक शाळांना ती 20 मेनंतर. म्हणजे आमची मुलं लोळत पडलेली आणि त्यांचा मुलगा सकाळी दप्तर घेऊन निघालेला.

आठव्या दिवशी ह्यांनी अम्मांपुढे विषय काढला. नाशिकची हवा, डोळ्यांचं ऑपरेशन, नातवंडं, सगळं सांगितलं. अम्मांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुल्हिन, उहाँ हम केकरा से बतियाइब?" तिथं मी बोलू कुणाशी?

हे गप्प झाले. आणि बहिणींनो, खोटं का सांगू, मला क्षणभर हायसं वाटलं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, दीड खोलीत आम्ही चौघं. पुढच्याच क्षणी नजर जाऊबाईंवर गेली. त्या लसूण सोलत होत्या. त्यांचा हात थांबला होता. त्यांनाही पाचव्या तिकिटाची बातमी होती, हे मला तेव्हा कळलं.

रात्री गच्चीवर आम्ही दोघीच होतो. मी सहज विचारलं, "भाभी, माहेरी कधी गेला होतात?" त्यांनी बोटांवर मोजलं. तीन वर्षं झाली होती. भावाच्या लग्नाला, आणि तेही दोन रात्री. त्यांचं माहेर मऊला, चाळीसेक किलोमीटरवर. तक्रारीचा सूर नव्हता. "अम्मा को छोड के कैसे जाएँ," एवढंच म्हणाल्या. आम्ही चौदाशे किलोमीटर ओलांडून नात्याला भेटायला आलो म्हणून गावभर कौतुक चाललं होतं, आणि आमच्या येण्यानं त्यांच्या चुलीवर चार ताटं वाढली होती.

मी ह्यांना म्हटलं, शाळेला सुट्टी लागली की भाभींना माहेरी पाठवू या, घर मी बघते. ह्यांनी आधी "तुला जमेल?" विचारलं. प्रश्न योग्यच होता. दीर म्हणाले, पाहुण्यांना कामाला लावलं तर लोक काय म्हणतील. जाऊबाई स्वतःच नको नको करत होत्या. शेवटी अम्माच म्हणाल्या, "जाए द." 21 तारखेला जाऊबाई मुलाला घेऊन मऊच्या बसमध्ये बसल्या. बस सुटेपर्यंत खिडकीतून मला औषधांच्या वेळा सांगत होत्या.

पुढचे नऊ दिवस माझी चांगलीच परीक्षा झाली. पहिल्याच दिवशी नरी भरताना धागा इतक्यांदा तोडला की दिरांनी हसून चरखा बाजूला ठेवला आणि शेजारच्या मुलीला बोलावलं. रात्री अम्मांच्या हाकेला मला जाग येईना, मग मी त्यांच्या खाटेशेजारीच अंथरूण टाकलं. पहिल्या दोन रात्री चिडचिड झाली, तीही मनातल्या मनात. तिसऱ्या रात्री मात्र एक विचार आला आणि झोपच उडाली. मी तीन रात्री मोजत होते. जाऊबाईंनी अकरा वर्षं मोजली असतील का?

मुलीचं आणि अम्मांचं जमेल का, ही मला धास्ती होती. चौदा वर्षांची मुलगी मराठीत विचार करते, अम्मा भोजपुरीत बोलतात. पण मुलगी कुरआन वाचायला शिकलेली आहे, त्यामुळे अरबी अक्षरं तिला येतात. अम्मांना डोळ्यांमुळे उर्दू वर्तमानपत्र वाचता येईना, म्हणून तिनं एका दुपारी ठळक मथळे अडखळत लावून पाहिले. काही अक्षरांपाशी गाडी अडे. अरबीत नसलेली पे, टे, चे, डाल, गाफ ही अक्षरं अम्मांनी तिच्या तळहातावर बोटानं गिरवून शिकवली. पाच-सहा दिवसांत ती मथळे वाचू लागली. अर्थ तिला निम्मा कळायचा, उरलेला अम्मा सांगायच्या, आणि ती मला विचारायची, "अम्मी, याला मराठीत काय म्हणतात?"

मधे एकदा ह्यांनी मुलांना आझमगडला शिबली अकादमी दाखवून आणली. अल्लामा शिबलींच्या निधनानंतर, 1914 मध्ये त्यांच्या शिष्यांनी ती उभी केली, आणि तिथून निघणारं 'मआरिफ' हे मासिक 1916 पासूनचं आहे. मुलीला त्या इतिहासात विशेष गोडी वाटली नाही. दारावरची 'दारुल मुसन्निफीन' ही पाटी आपण स्वतः वाचली, हेच तिनं घरी येऊन अम्मांना तीनदा सांगितलं.

ह्यांनी पाचवं तिकीट रद्द केलं. ऑपरेशन आझमगडलाच करायचं ठरलं, थंडीत, आणि त्या वेळी दिवाळीच्या सुट्टीत मी मुलीला घेऊन जाणार आहे. जाऊबाईंना तसं आधीच सांगून ठेवलंय, म्हणजे त्यांनाही त्यांचे दिवस ठरवता येतील.

29 तारखेच्या संध्याकाळी त्या परत आल्या. हातांना मेंदी, डोक्यावर नवी ओढणी, चेहरा उन्हानं काळवंडलेला पण भरलेला. अम्मांच्या पायाशी दोन मिनिटं बसल्या, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारपूस केली. मग सरळ स्वयंपाकघरात गेल्या. डबे उघडण्या-मिटण्याचे आवाज आले आणि पाठोपाठ त्यांची हाक:

"अरी, नमक कहाँ रख दिया तुमने?"