लपविलेलें दुखणें

अंगांत ताप भरला कीं आपण डॉक्टरांस बोलावितों. मन पोळूं लागलें कीं दार लावून घेतों. ठाणें आणि येरवडा येथील मनोरुग्णालयें तर आपल्या सुशिक्षित बैठकींत अजून थट्टेचा विषय आहेत! २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणींत मनोविकारांच्या शेंकडा ७० हून अधिक रोग्यांस उपचारच मिळत नसल्याचें आढळलें. कोल्हापुराहून रत्नागिरीचें मनोरुग्णालय गांठावयाचें तर घाट उतरावा लागतो, हें खरें. पण सारा दोष अंतराचा नव्हे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या फुकट सल्ला मिळतो. मग अडतें कोठें? मुलीचें लग्न मोडेल, घराण्याचें नांव जाईल, या भीतीपाशीं!

आमचें कुटुंब हाच मनावरचा उतारा, असें कित्येक अभिमानानें सांगतात. मायेचें मोल आम्हीही जाणतों. पण मायेनें मधुमेह्याचें इन्शुलिन सुटत नाहीं. मग खिन्नतेनें ग्रासलेल्यासच ‘मन घट्ट कर’ एवढ्यावर कां बोळवावें?

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलांत आहे. त्यानें उपचार हा हक्क ठरविला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखालीं होता असें गृहीत धरून त्याची शुश्रूषा करावी, असें सांगितलें. कायद्यास उमगलें तें पदवीधरांस उमगूं नये काय? सरकारनें तालुक्यातालुक्यांत तज्ज्ञ नेमावेत, ही मागणी रास्तच आहे. परंतु रोगी उंबऱ्याबाहेर पडूंच दिला नाहीं, तर ते तपासणार कोणाला?