भाषा शिकणे आणि भाषेतून शिकणे

सीमाभागातील शाळांचा विषय निघाला की लगेच दोन पक्ष पडतात. मी मराठी शाळेत शिकलो आणि या अंकाचा कन्नड विभागही आवडीने वाचतो. म्हणून दोन्ही बाजूंविषयी थोडे लिहावेसे वाटते.

शाळा सरकारी असो, अनुदानित असो वा विनाअनुदानित, मान्यतेसाठी तिला राज्याचे नियम पाळावेच लागतात. कर्नाटकात १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असे ठरले. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की, अशी सक्ती सरकारला करता येणार नाही. माध्यम पालकांनी निवडावे. पुढे २०१५ च्या कायद्याने कन्नड ही एक भाषा म्हणून सर्व शाळांत टप्प्याटप्प्याने आवश्यक केली.

या कायद्यावर आमच्या गल्लीत नाराजी आहे. मला ती पटत नाही. कन्नड आल्याने माझे मराठी कमी झाले नाही. उलट कचेरीतला कन्नड अर्ज घरात मीच भरतो. भाषा शिकणे वेगळे, भाषेतून शिकणे वेगळे. अन्याय आहे तो दुसरीकडे. मी चौथीत असताना तिसरी-चौथी एकाच खोलीत, एकाच गुरुजींकडे होती. घटनेचे ३५० (अ) कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची पुरेशी सोय करण्यास सांगते. याला पुरेशी सोय म्हणायचे काय?

परंतु सारा दोष सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. २०१७ मध्ये माझी धाकटी बहीण पहिलीत गेली. मराठीचे अभिमानी असलेल्या आमच्या वडिलांनी तिला इंग्रजी शाळेत घातले. मी त्यांना दोष देत नाही. पी. यू. सी. ला कॉमर्सची इंग्रजी पुस्तके उघडली तेव्हा मीही घाबरलो होतो. पण 'डेप्रिसिएशन'चा धडा काही केल्या डोक्यात शिरत नव्हता, तो सरांनी 'घसारा' म्हणताच कळला. बहीण पानभर इंग्रजी उत्तर घडाघडा म्हणते आणि मग त्याचा अर्थ मला मराठीत विचारते.

मराठी शाळेत इंग्रजी आणि कन्नड या दोन्ही भाषा उत्तम शिकवल्या गेल्या, तर पालकांची भीती जाईल. त्यासाठी सरकारकडे शिक्षक जरूर मागावेत. पण आपली मुलेही तेथे पाठवावीत. मोर्चात मराठी आणि प्रवेश-अर्जावर इंग्रजी, हा ताळेबंद जुळणारा नाही.

— बी. कॉम., दुसरे वर्ष