बिल मागितलं तर हसतात!

परवा रविवारी सिडकोतल्या नेहमीच्या चिकनच्या दुकानापुढे रांगेत उभा होतो. ओंडका तोच, सुरा तोच, सुरा पुसायचं फडकंही तेच. सहज म्हटलं, "भाऊ, बिल द्या ना." तो हसला. मागचे दोघे हसले. मग मीही हसलो आणि पिशवी घेऊन घरी आलो. म्हणजे दोष माझाही आहेच.

ही बुद्धी सुचली ती अमेरिकेतल्या मावसभावामुळे. त्याला दुकानातून निरोप आला: अमुक तारखेला घेतलेला बीफ खिमा खाऊ नका, ई-कोलायचा संशय आहे, पैसे परत घ्या. (मावशी, वाचत असशील तर तो शेजाऱ्यांसाठी आणला होता असं समज.) मी म्हटलं, "मग दुकानावरचा विश्वासच उडाला असेल?" तो म्हणाला, "उलट, बसला."

हे शहाणपण त्यांनाही फुकट मिळालेलं नाही. १९९३ मध्ये तिथे अर्धकच्च्या बर्गरमुळे ७०० हून जास्त लोक आजारी पडले, ४ मुलं गेली. त्यानंतर १९९४ मध्ये सरकारने तो जीवाणू असलेला खिमा भेसळयुक्त ठरवला.

आणि आपण? फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि आमच्या घरात माघातच श्रावण लागला. ७० अंशांवर विषाणू मरतो असं तज्ज्ञ सांगत होते, पण ऐकतो कोण! पोल्ट्रीवाले शेतकरी मात्र पोळले. पुढे सगळे विसरले. भीती गेली, पण तिच्या जागी विश्वास आला नाही, नुसता विसर आला.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जीवाणू सापडला. मुख्य संशय पाण्यावर होता, पण हा पाहुणा कोंबडीच्या आतड्यातही सुखाने नांदतो. पुन्हा तोच उपदेश: नीट शिजवून खा.

अहो, शिजवतो की! पण त्याच सुरीने चिरलेली कोशिंबिरीची काकडी कोण शिजवणार? नळाखाली चिकन खळखळून धुताना ओटाभर उडणारे शिंतोडे कोण शिजवणार? सगळी जबाबदारी आमच्या कुकरवर टाकून बाकीचे मोकळे!

असुरक्षित माल परत बोलावण्याचे नियम आपल्याकडेही आहेत, २०१७ पासून. पण नुसती किरकोळ विक्री करणाऱ्याला त्यासाठी योजना ठेवण्याची सक्ती नाही. म्हणजे आपण जिथून घेतो, नेमकी तिथेच सूट. बिल नाही, तारीख नाही, कोंबडी कुठल्या शेडमधून आली ते माहीत नाही. उद्या काही निघालंच तर परत काय बोलावणार, आणि कोणाकडून?

"गरीब दुकानदाराला कशाला छळता?" असं कोणी म्हणेल. प्रयोगशाळा कोण मागतंय? तारखेची चिठ्ठी, माल कोणाकडून घेतला त्याची वहीत नोंद, साबण, गरम पाणी आणि बर्फ. अफवा उठली की पहिला तोच बुडतो. ही वही त्यालाच वाचवेल.

असो. रस्सा झकास झाला होता, खोटं कशाला बोलू? पण तो निभावला नशिबावर. येत्या रविवारी मी पुन्हा बिल मागणार आहे. एकट्याने मागितलं की हसतात; रांगेतल्या दहा जणांनी मागून बघूया.